चित्रासाठी उभं राहणं

मला कळायला लागलं तेव्हा आमचं गाव पाण्याखाली गेलेलं होतं. धरण माझ्या जन्माआधीच बांधून झालं होतं, त्यामुळे गाव मी पाहिलंच नाही. पाहिलं ते पाणी. उन्हाळ्यात तळं आटलं की काठाकाठानं भातखाचरांचे बांध वर यायचे आणि आबा सुट्टी मागून तिकडे जायचे. आपला बांध कुठला हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं. त्यावर थोडा वेळ उभे राहायचे, पायानं चिखल चाचपायचे आणि परत येऊन गुलाबांना पाणी घालायला लागायचे. गुलाब शेठचे होते. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एका कापडवाल्या शेठचा बंगला होता, तिथे आबा माळी होते, आणि बंगल्याच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. आबा, आई आणि मी. माझ्या पाठची दोन भावंडं त्याच खोल्यांत गेली, एक पावसाळ्यात आणि एक पावसाळा सरल्यावर. आई त्यांची नावं घेत नसे, म्हणून मीही घेत नाही.

शेठची माणसं बंगल्यात असली की उरलंसुरलं आमच्याकडे यायचं, तुपाचा वास लागलेलं. ती गेली की हुलग्याचं माडगं आणि नाचणीची भाकरी. आमच्या खाचरातला आंबेमोहोर शिजत असला की शेजारच्या वाडीपर्यंत वास जायचा, असं आई सांगायची. मी तो वास सांगण्यातूनच घेतला. आमच्या चुलीवर दुकानातला लाल जाडा तांदूळ चढायचा, तोही सणाला. पावसाळ्यात धुकं दारातून आत येऊन बसायचं, चूल पेटता पेटत नसे, पत्र्यावरच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, मग आम्ही बोलायचंच सोडून द्यायचो. घाटातून गाडी वर आली की मागून ढकलणारं इंजिन सुटायचं, त्याचा धडका तेवढा त्या आवाजातूनही पोचायचा. मी शाळेत गेले ते शिकायच्या हौसेनं नव्हे. शाळेचं छप्पर गळत नव्हतं. पहिली येणारी मुलगी म्हणून पुढे माझं कौतुक झालं तेव्हा लोकांना हे सांगितलं तर ते हसायचे, त्यांना ती नम्रता वाटायची. नम्रता माझ्यात कधीच नव्हती. छप्पर गळत नव्हतं, एवढंच.

मराठी सहावीत होते त्या वर्षी, दिवाळी उरकल्यावर, बंगल्यात पेंटर आले. शेठनी विलायतेत एक चित्र पाहिलं होतं. मधे एक बाई, तिच्या एका हाताला प्रेम, दुसऱ्या हाताला धन, आणि ती कुणाला निवडणार ते बघणाऱ्यानं ओळखायचं. शेठना तसंच चित्र आपल्या दिवाणखान्यात हवं होतं, फक्त बाई नऊवारीतली हवी होती. पेंटर मुंबईहून शिकून आलेले, दाढी ठेवलेले, सभ्य गृहस्थ. मी झाडांना पाणी घालत होते तिथे उभे राहून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग आबांना म्हणाले, "माळीबुवा, तुमच्या मुलीचा चेहरा मला पाहिजे."

"चेहरा?" आबा म्हणाले. "आन् बाकीची पोर?"

"तीही. नुसतं उभं राहायचं. दुसरं काही नाही."

"हुबं ऱ्हायाला व्हय. मंग लागंल ती." शेठच्या पाहुण्याला नाही म्हणायची आमची प्राज्ञा नव्हती, आणि उभं राहण्यात काय वाईट असेल हे आबांना सुचलं नाही. आईला सुचलं. तिनं अट घातली की मी उभी राहीन तोवर ती त्याच खोलीत तांदूळ निवडत बसेल. पेंटरनी मान्य केलं. पुढे ते म्हणायचे की त्या सुपाच्या आवाजानं हाताला लय येते.

प्रेम म्हणून त्यांनी बबनला धरलं. बबन माझ्या आत्याचा मुलगा, बंगल्यावर दूध घालायचा. उंच, काळासावळा, दात पांढरेशुभ्र. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क पहिला, त्यामुळे मी त्याच्या घरी जायची हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. त्याला प्रेम म्हणायचं का, मला सांगता येणार नाही. तो दूध घेऊन आला की माझ्या हातातलं काम एरवीपेक्षा सावकाश व्हायचं, एवढं खरं. पेंटरनी त्याच्या हातात पेटती पणती दिली.

"आता तू बबन नाहीस," ते म्हणाले. "तू प्रेम आहेस."

"मी प्रेम? मंग म्हशी कोन धुनार, सायेब?"

आईनं सूप तोंडापुढे धरलं. मीही हसले, तर पेंटर ओरडले, "मान! मान हलली!"

बाकी काही नाही, उभं राहायचं. पण उभं राहणं म्हणजे काय ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आधी टाचा दुखतात, मग पोटऱ्या. मग मुंग्या येतात, आणि त्या वर चढत कमरेपर्यंत आल्या की हालचाल केल्यावाचून जमणार नाही असं वाटतं. तेवढा वेळ काढला की मुंग्याही जातात आणि काहीच राहत नाही. पाय आपले नसतात, मग हात नसतात, मग समोरचा माणूस बोलतोय ते भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं. पेंटर म्हणायचे, "तुला या दोघांतून निवडायचंय. मनात आण ते. चेहऱ्यावर उतरू दे." मी मनात आणायचा प्रयत्न करायचे आणि मनात यायचं की चुलीवर काय आहे. पेंटर खूश व्हायचे. म्हणायचे, असा संभ्रम पैसे देऊनही मिळत नाही. काही वाटू न देता उभं राहणं हे एक काम आहे, ते मी तिथे शिकले. पुढे कॉलेजात तोंडी परीक्षेला मुली थरथरायच्या तेव्हा मी परीक्षकांपुढे तशीच उभी राहायचे. लोकांनी त्याला धीटपणा म्हटलं.

धनाची जागा मात्र रिकामी होती. खुर्चीवर शेठचं पागोटं ठेवून पेंटरनी बरेच दिवस भागवलं. मग एके दिवशी गवतवाले आप्पा शेठच्या घोड्यांचं गवत घेऊन आले, आणि त्यांना पाहताच पेंटरनी कुंचला खाली ठेवला. आप्पा कार्ल्याखालचे. मावळातलं गवत कापून, गठड्या दाबून, रेल्वेनं मुंबईच्या तबेल्यांना धाडायचा त्यांचा धंदा होता. अंगानं भरलेले, कानात भिकबाळी, आवाज मऊ. बायको वर्षापूर्वी बाळंतपणात गेलेली. चित्रात उभं राहायला सांगितलं तर ते आधी लाजले, मग बसले, आणि दुसऱ्या दिवशी न बोलावता इस्त्रीचा अंगरखा घालून आले. पेंटरनी त्यांच्या हातात ताट दिलं, त्यात नाटकवाल्यांकडून आणलेले पितळेचे दागिने.

"ह्ये काय? पितळ?" आप्पा म्हणाले. "माझ्या हातात पितळ? शेठचे पाव्हणे म्हनतील, गवतवाला घरी गवतच खातो."

"चित्रात पितळ आणि सोनं सारखंच, आप्पा."

"चित्रात आसंल. मला न्हाई." दुसऱ्या दिवशी ते लाल फडक्यात बांधून घरचे दागिने घेऊन आले. पाटल्या, ठुशी, बोरमाळ. त्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक सोन्याचा छोटा टाक होता, देव्हाऱ्यात असतात तसा, वर बाईचं चित्र ठोकलेलं. हे सगळं त्यांनी हेतूनं आणलं की नुसता तोरा म्हणून, याचा मी आयुष्यभर अधूनमधून विचार केला. अजून कळलेलं नाही. दोन्ही असेल.

त्या दिवशी आई खोलीत नव्हती. मुंबईहून पाहुणे यायचे होते म्हणून तिला बंगल्याच्या स्वयंपाकघरात पुरण वाटायला बोलावलं होतं. पेंटर ताटाकडे बघत म्हणाले, "ताट फार भरलंय. आणि हिची मान अगदीच मोकळी दिसतेय." त्यांनी बोटानं तो टाक उचलला. "हे केवढं नाजूक आहे. हे गळ्यात घातलं तर?"

आप्पा जागचे हलले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "घाला की. शोभंल तिला."

पेंटरनी टाक माझ्या हातात दिला आणि मी तो स्वतःच्या हातानं गळ्यात घातला. मला वाटलं कुठल्या देवीचा असेल. शेजारी बबनची पणती कलली आणि तेल त्याच्या पायावर सांडलं. "हात! हात सरळ!" पेंटर ओरडले. बबननं हात सरळ केला. त्यानंतर तो एकदाही माझ्याकडे बघेना.

पुरणाचे हात तसेच घेऊन आई दाराशी आली, मला हाक मारायला. तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं. "काढ त्ये," एवढंच म्हणाली. पेंटर म्हणाले, "बाई, रंग ओला आहे, आजचा दिवस राहू दे." आई दारातच उभी राहिली, पेंटरचं काम संपेपर्यंत. मग तिनं तो काढून पदराच्या गाठीला बांधला आणि मला नळावर नेलं.

"ही तेची मेलेली बायकू हाय," ती हात धुता धुता म्हणाली. "सवतीचा टाक. बायकू मेली की तिच्या नावाचा करत्यात आन् दुसरी आली की तिच्या गळ्यात घालत्यात. म्हंजी पयलीनं तरास देऊ नाय."

"मला न्हवतं ठावं."

"तुला न्हवतं. आप्पाला व्हतं."

आज कुणाला हे सांगितलं तर हसू येईल. चित्रासाठी गळ्यात घातलेला दागिना, त्यात काय. पण आमच्यात तो दागिना नव्हताच. तो ज्या कुमारिकेच्या गळ्यात गेला ती त्या घरची झाली, आणि कुणी घातला, कशाला घातला, हे विचारायची पद्धत नव्हती. मी तर माझ्या हातानं घातलेला. आप्पांनी ते बाजारात आपण होऊन सांगितलं, का ते बंगल्याच्या नोकरांकडून गेलं, कोण जाणे. लवकरच खालच्या वाड्यांपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. आप्पा एकदा आबांकडे गुलाबांच्या वाफ्यात आले. मी पलीकडे कपडे वाळत घालत होते.

"आता तुमीच सांगा, माळीबुवा. गळ्यात गेलेला टाक मी माघारी कसा न्यायचा? घरी पयली नांदू द्याची न्हाई मला."

आबा वाफ्यातलं तण उपटत राहिले.

"पोरीला काय कमी पडायचं न्हाई. आन् इंद्रायणीकाठची माझी खाचरं हायती, कसायला मानूस न्हाई. सासऱ्यानं कसली तर कोन काय म्हनतंय?"

आबा खोलीत आले, चुलीपाशी बसले आणि आईला म्हणाले, "खाचरं देतो म्हनतोय." आईनं भाकरी थापायची थांबवली नाही. आबा परत म्हणाले, "नदीकाठची." त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि बोटं हळूहळू हलत होती, रोपं लावताना हलतात तशी. ते पाहिल्यावर मला कळलं की आबांनी होकार दिलेला आहे, त्यांना स्वतःला अजून माहीत नसलं तरी. मला राग आला नाही. काहीच आलं नाही. भाकरी पुढे आली ती मी खाल्ली.

सकाळी बबन दूध घेऊन आला तेव्हा मी त्याला फाटकात गाठलं. "बबन, तू आत्याशी बोल की."

"काय बोलू?"

"काय बी. मला न्हवतं ठावं म्हनून सांग."

त्यानं चरवी या हातातून त्या हातात घेतली. "टाक तू घातलास, अनशे. मी दिवा धरून हुबा हुतो." आणि तो दूध मोजून देऊन गेला. तेवढंच आमचं बोलणं. खोटं काहीच बोलला नव्हता तो.

सुपारी फोडायला माणसं आली ती दुपारची. आप्पा, त्यांचे दोन भाऊबंद, त्यातले एक म्हातारे, सगळ्यांच्या सोयरिकी जुळवणारे, आणि आमच्या बाजूनं आत्या. आमच्या खोल्यांपुढे घोंगडी अंथरली होती. आईनं शेठच्या स्वयंपाक्याकडून उसनी साखर आणून चहा केला होता. मला हिरवं लुगडं नेसवून बाहेर आणलं. म्हाताऱ्यांनी पानाचा विडा गालात सारला.

"ये पोरी. आप्पाच्या पाया पड आन् बस."

मी घोंगडीच्या कडेशी उभी राहिले.

"ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय."

"मंग पड की पाया."

मी उभीच. कुणी असं समजू नये की मी मनाशी काही ठरवलं होतं. मी ठरवून आले होते ते पाया पडायचंच. पण तिथे उभी राहिले आणि टाचांपासून ते सुरू झालं, मला ओळखीचं असलेलं, आणि मी त्याला वर येऊ दिलं. पोटऱ्या, गुडघे, कंबर. कंबर नाहीशी झाल्यावर वाकायचं कशानं?

"अनशे!" आबा म्हणाले.

"लाजती हो," दुसरा भाऊबंद म्हणाला.

"लाजती कसली," आत्या म्हणाली. "पेंटरनं शिकवलंय तिला. म्हयनाभर बाप्यांच्या म्होरं हुबी व्हती, आता काय बसतीया!"

सगळे हसले, आप्पा सोडून. मग हसणं संपलं. चहा प्यायचं कुणी मनावर घेईना. सावली घोंगडीवरून सरकत त्यांच्या पायांपर्यंत आली. आबा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी खाली दाबलं. गुडघे लवले नाहीत. त्यांनी आणखी जोर केला असता तर मी पडले असते, पण त्यांनी केला नाही. हात काढून घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे माझ्या शेजारीच उभे राहिले. म्हातारे वैतागून म्हणाले, "आरं तोंडानं तरी बोल, बये. करायचं का न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले. विचारलं म्हणून सांगितलं.

आप्पांनी पागोटं नीट केलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते फक्त म्हणाले, "चला. गाडीची येळ झाली." मग आबांकडे वळून, "टाक तेवढा द्या."

आई आतून टाक घेऊन आली. तिनं तो धुऊन तुळशीच्या पानावर ठेवला होता. त्या दिवसभरात तिनं तोंड उघडलं ते एवढंच: "तुमची बाई तुमच्या देव्हाऱ्यात ऱ्हाऊ द्या. माझ्या पोरीला भार व्हतोय तिचा." आप्पांनी दोन्ही हातांनी तो घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं आई मागाहून म्हणायची. मी पाहिलं नाही, मी समोर बघत होते.

ते गेल्यावर आत्याही उठली. "दादा, तुला सांगून जाते. माझ्या बबनला ही नको. आज तेच्या म्होरं हुबी ऱ्हायली, उद्या माझ्या म्होरं ऱ्हाईल." आबांनी बहिणीला फाटकापर्यंत पोचवलं. मला मात्र त्या दिवसापासून त्यांनी हाक मारायचं सोडलं. काही सांगायचं असलं तर आईला सांगायचे, "तिला म्हनावं." बबनचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात आंबी गावच्या मुलीशी झालं. मी पंगतीत बुंदी वाढली. त्याच्या पानाशी आले तेव्हा तो "बास" म्हणाला आणि मी पुढच्या पानाकडे गेले.

चित्र पेंटरनी माझ्यावाचून पुरं केलं. आधी ती बाई समोर बघत होती. आता त्यांनी तिची मान धनाच्या बाजूला वळवली, कारण गळ्यातला तो टाक त्यांना पुसवेना आणि टाक असताना ती प्रेमाकडे बघते हे त्यांना जुळेना. शेठना चित्र फार आवडलं. सोनेरी चौकटीत दिवाणखान्यात लागलं. त्याची धूळ पुसायचं काम माझ्याकडे होतं, ते मी केलं. पाहुणे चित्राखाली उभे राहून बायकांच्या लोभीपणावर बोलायचे, आणि मी त्यांच्या मागून फडकं घेऊन जायचे, तर त्यांतल्या एकालाही चेहरा ओळखू आला नाही. आईनं एकदा विचारलं, "ह्या बाईनं काय केलं म्हनं?" मी सांगितलं, "धन घेतलं." आईनं चौकटीची कड पदरानं पुसली. "बरं झालं," म्हणाली, "कुनीतरी घेतलं."

सातवीच्या परीक्षेआधी शाळेच्या बाई आमच्याकडे आल्या. त्या विधवा होत्या, पुण्याच्या, फार बोलत नसत. आबांना म्हणाल्या, "मुलीला पुण्याला पाठवा. मुलींचं वसतिगृह आहे, फी माफ होईल. हुशार आहे." आबांनी वाफ्यातून मान वर केली नाही. "न्या. तिला आता कोन करनार?" माझ्या शिक्षणाला मिळालेली परवानगी ती एवढी. घरी कुणाला आनंद झाला नाही, मलाही नाही. आईनं गुळदाणी बांधून दिली, मी गाडीत बसले.

पुण्यात मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजून शिकले. इंग्रजी पहिलीत माझ्यापेक्षा डोकंभर बुटक्या मुलींच्या ओळीत बसले, माझ्या बोलण्याला हसणाऱ्यांना हसू दिलं, आणि पुढे त्याच मुली माझ्या वह्या मागायला यायच्या. मॅट्रिक झाले. कॉलेजात गेले. रात्रंदिवस अभ्यास केला, झेंडे मिरवणाऱ्या मैत्रिणी तुरुंगात जाऊन आल्या तेव्हाही मी अभ्यासच करत होते, आणि याची मला लाज वाटत नाही. निकाल लागला त्या दिवशी दुपारच्या गाडीनं लोणावळ्याला गेले. आबा कलमं छाटत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आबा, पास झाले."

त्यांनी कात्री थांबवली. मधे इतकी वर्षं गेली होती की माझ्याशी थेट कसं बोलायचं हे त्यांना चटकन आठवेना. "कशात?" त्यांनी विचारलं.

"बी.ए.त."

"म्हंजी त्याच्या फुडं काय?"

"एम.ए. असतं. पण नोकरी मिळंल आता. तुमाला हितलं काम सोडता येईल."

आबांनी छाटलेल्या फांद्या गोळा करून एका बाजूला ठेवल्या. "जेवली का?" म्हणाले. नाही म्हटल्यावर त्यांनी खोलीकडे तोंड करून आईला हाक मारली आणि सांगितलं, "अनशी आलीया. तिला वाढ." भात होता, डाळ होती. मी जेवले.

पुण्याला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. खोली घेतली आणि आईआबांना घेऊन आले. लग्न केलं नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणाला सही करता येत नव्हती. मी बी.ए. झाले, इतिहास घेऊन, दुसऱ्या वर्गात.